डोंगराच्या पोटातले पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला रत्नागिरी जिल्ह्यात समुद्र गाठण्यासाठी फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या येथल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत अल्पकाळात धावत सुटणाऱ्या आणि पूर्वपश्चिम वाहणाऱ्या. त्यांच्या खोऱ्यांच्या दरम्यान सह्याद्रीने पश्चिमेकडे सोडलेल्या डोंगरसोंडा पसरलेल्या. अशा मुलखातून उत्तरेकडून दक्षिणेकडे लोहमार्ग न्यावयाचा म्हणजे या सर्व नद्यांना आणि या सर्व सोंडांना आडवे छेदीत जाणे क्रमप्राप्तच होते. नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघाच्या वतीने ज्या रेल्वेची मागणी लोकसभेत वर्षानुवर्षे लावून धरली, आणि जिच्यासाठी अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या ध्येयनिष्ठाने आपले आयुष्य वेचले, ती कोकण रेल्वे इतका काळ दफ्तरातच का पडून राहिली, याची अनेक कारणे सांगता येतील. तथापि त्यांतील प्रमुख कारण भूगोलाचे होते, हे या मार्गाने एकदा प्रवास केलेल्या कोणालाही निराळे सांगावे लागत नाही.

1990 च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची सूत्रे आली, तेव्हा अभियंत्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो चढणीचा. एकोणिसाव्या शतकात बोरघाटाचा मार्ग बांधणाऱ्यांनी 37 मीटरांमागे 1 मीटर इतकी चढण पत्करली, आणि तिचे प्रायश्चित्त म्हणून मागून जोर लावणारी जादा इंजिने गाड्यांना जोडण्याची वहिवाट तेथे आजतागायत चालू आहे. कोकण रेल्वेच्या आखणीत मात्र चढण 150 मीटरांमागे 1 मीटरहून अधिक नसावी, वळणाची त्रिज्या 1250 मीटरांहून कमी नसावी आणि मार्ग ताशी 160 किलोमीटर वेगाला योग्य ठरावा, असा दंडक घालून घेण्यात आला. हा दंडक एकदा मान्य केल्यावर डोंगराला वळसा घालण्याची किंवा दरीत उतरून पुन्हा वर चढण्याची सवलत आपोआपच नाहीशी झाली. दरी आली की तिच्यावरून जावयाचे, डोंगर आला की त्याच्या पोटातून जावयाचे. म्हणूनच रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे 740 किलोमीटरांच्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल आले; बोगद्यांची एकूण लांबीच सुमारे 84 किलोमीटर भरते. रत्नागिरी स्थानक सोडून गाडी निवसरकडे निघाली की पानवल नदीवरच्या 64 मीटर उंच पुलावरून ती जाते आणि त्याच दोन स्थानकांच्या दरम्यान टिके येथील सुमारे 4 किलोमीटरांच्या बोगद्यातही शिरते. एकाच दंडकाची ही दोन अपत्ये होत.

मोठ्या शहरातला लोहमार्ग नदीच्या तळाखालून न्यावा लागतो, त्याचे कारण याच्या नेमके उलट असते. तेथे भूमी सपाट, दोन्ही तीर घरांनी, रस्त्यांनी आणि धक्क्यांनी व्यापलेले. पुलासाठी लागणारी उंची गाठावयाची तर तिच्यापर्यंत नेणाऱ्या चढणीला जागा नसते. शिवाय जो मार्ग मुळातच भूमिगत आहे त्याने नदी ओलांडण्यापुरते वर यावे आणि पुन्हा खाली उतरावे, यात कोणताच शहाणपणा नाही. कोकणात नदी लोहमार्गाच्या खाली राहते, शहरात ती त्याच्या माथ्यावर येते. स्थान असे भिन्न असले तरी अभियंत्याचा प्रतिपक्षी दोन्ही ठिकाणी एकच असतो, आणि तो म्हणजे पाणी. खडक फोडता येतो, माती उपसता येते, या दोहोंचा हिशेब आगाऊ मांडता येतो. पाणी मात्र बोगदा खणताना विरोध करते आणि बोगदा पुरा होऊन उद्घाटनाचे फलक लागल्यावरही आपला दावा सोडीत नाही.

या लढ्याचा पहिला मोठा अध्याय लंडनमध्ये लिहिला गेला. टेम्स नदीच्या तळाखालून रॉदरहाइथ आणि वॉपिंग यांना जोडणारा मार्ग खणण्याचे काम मार्क ब्रुनेल या फ्रान्समध्ये जन्मलेल्या अभियंत्याने 1825 मध्ये हाती घेतले. जहाजांच्या लाकडात बिळे पाडणारा एक सागरी कृमी असतो. आपल्या किनाऱ्यावरील खलाशांनाही हा शत्रू अपरिचित नाही. हा प्राणी कठीण कवचाने पुढचे लाकूड कुरतडतो आणि पोखरलेल्या बिळाला मागून अस्तर देत जातो, हे पाहून ब्रुनेलला आपल्या यंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याने लोखंडाच्या बारा उभ्या चौकटी शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि प्रत्येकीत एकावर एक असे तीन कप्पे ठेवले. या छत्तीस कप्प्यांत उभे राहून मजूर समोरची एकेक फळी काढीत, तिच्यामागची माती थोडीशी खणीत आणि फळी पुन्हा बसवीत. चौकटी पुढे सरकल्या की त्यांच्या पाठीमागे गवंडी लगोलग विटांचे बांधकाम उभे करीत. उघडी माती कोणत्याही क्षणी शक्य तितकी थोडी राहावी आणि राहील तीही अल्पकाळच राहावी, हे त्यातील तत्त्व आजही अबाधित आहे.

तत्त्व निर्दोष असले तरी नदीने आपला हक्क बजावलाच. 1827 मध्ये पाणी आत घुसले; 1828 च्या जानेवारीत पुन्हा घुसले तेव्हा सहा माणसे मृत्युमुखी पडली आणि ब्रुनेलचा तरुण पुत्र इझम्बार्ड थोडक्यात बचावला. त्यानंतर पैशाअभावी काम कित्येक वर्षे बंद राहिले. पुढे सरकारी कर्ज मंजूर झाल्यावर ते पुन्हा सुरू होऊन 1843 मध्ये, म्हणजे आरंभापासून अठरा वर्षांनी, सुमारे चारशे मीटरांचा हा मार्ग पादचाऱ्यांसाठी खुला झाला. रेल्वे त्यातून 1869 मध्ये धावू लागली. चारशे मीटरांना अठरा वर्षे, हे प्रमाण आज हास्यास्पद वाटेल. परंतु नदीखालून जाता येते हे जगाला प्रथम त्याने दाखविले.

अलीकडे मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत मेट्रोच्या निमित्ताने मराठी माणसाने हे स्थापत्य आपल्या दाराशी पाहिले. कुलाबा–वांद्रे–सीप्झ या सुमारे साडेतेहतीस किलोमीटरांच्या भुयारी मार्गाचा धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या दरम्यानचा भाग मिठी नदीच्या खालून जातो, आणि तो 2025 च्या मे महिन्यात वाहतुकीस खुला झाला. पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा, 2024 च्या सप्टेंबरात सुरू झालेला मार्ग मुठेच्या पात्राखालून कसबा आणि बुधवार पेठांकडे येतो. या कामांसाठी आणलेल्या बोगदा खणणाऱ्या यंत्रांना मुठा, मुळा, पवना, गोदावरी, वैतरणा, तानसा अशी नद्यांचीच नावे देण्यात आली होती. ठाण्याच्या खाडीखालून सुमारे 7 किलोमीटर जाणारा मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेचा बोगदा हे याच मालिकेतील पुढचे काम. या सर्वांआधी, 2024 च्या मार्चमध्ये, कोलकाता आणि हावडा यांच्या दरम्यान हुगळीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली, आणि नदीखालून प्रवाशांना नेणारा भारतातील पहिला लोहमार्ग होण्याचा मान तिला मिळाला.

या यंत्राचे कार्य थोडक्यात समजून घेण्याजोगे आहे. त्याच्या तोंडाशी पोलादी दातांचे एक प्रचंड चक्र फिरत असते. चक्राने खरवडलेली माती लगेच बाहेर न फेकता चक्रामागच्या कोंदणात दाबून भरलेली ठेवतात, आणि बाहेरच्या माती-पाण्याचा दाब व आतल्या मातीचा दाब यांची तोंडमिळवणी राहील अशा बेताने ती मळसूत्री नळीतून हळूहळू काढून घेतात. आतला दाब कमी पडला तर वरचे पात्र खचेल. तो फाजील झाला तर तळ फुगून वर उचलला जाईल. मागच्या बाजूस काँक्रीटचे आधीच ओतून ठेवलेले तुकडे जोडून वलयाकार अस्तर तयार होते, तुकड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या दाबल्या जातात आणि अस्तर व माती यांमधील पोकळीत सिमेंटचा पातळ गारा भरतात. एक गोष्ट सामान्य वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही: पाण्याने ओथंबलेल्या मातीत बसविलेली पोकळ नळी बुडण्यापेक्षा तरंगू पाहते. म्हणून नदीचा तळ आणि बोगद्याचा माथा यांच्यामध्ये पुरेशा जाडीचा थर राखावा लागतो. तो केवळ पाणी अडविण्यासाठी नसतो, बोगद्याला जागच्या जागी दाबून धरण्यासाठीही असतो.

आता पुन्हा रत्नागिरीकडे वळू. उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे, आणि काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा 2013 मध्ये सुरू होईपर्यंत भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. येथला खडक दख्खनच्या पठाराचा काळा कातळ होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक थर साचून तो बनला. अशा खडकात स्वीडनहून आणविलेल्या जलदाबावर चालणाऱ्या छिद्रक यंत्रांनी ठराविक आराखड्याप्रमाणे भोके पाडावयाची, त्यांत सुरुंग भरून ते उडवावयाचे, धूर निघून जाऊ द्यावयाचा, छताला लोंबणारे सैल दगड पाडून टाकावयाचे, फुटलेला दगड वाहून न्यावयाचा, आणि जेथे खडक भेगाळलेला असेल तेथे पोलादी खिळे ठोकून वर काँक्रीटचा फवारा मारावयाचा. हे चक्र अहोरात्र चालू राहते. कातळ स्वतःचा भार स्वतः पेलतो, त्यामुळे असे काम कष्टाचे असले तरी बेभरवशाचे नसते.

बेभरवशाचे काम पुढे होते, आणि ते मऊ मातीचे. कोकणातील सड्यांवर जांभा दगडाचा कठीण थर असतो. घरे ज्याच्या चिऱ्यांनी बांधतात तो हाच. परंतु हा दगड सच्छिद्र असतो, आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपून खालच्या मऊ चिकण थरात मुरते. हा खालचा थर पाण्याने संपृक्त झाला म्हणजे त्याला माती म्हणावे की दाट राबडी, असा प्रश्न पडतो. कोकण रेल्वेच्या एकूण मार्गावर असे नऊ बोगदे निघाले. तेथे अवजड यंत्रे निरुपयोगी ठरली. हातांनी थोडेथोडे खणावे, आधार द्यावा आणि पुढे सरकावे, एवढाच उपाय उरला, आणि खणलेला भाग पुन्हा कोसळून केलेले काम मातीमोल होण्याचे प्रसंग वारंवार आले. गोव्याच्या सरहद्दीवरील पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा या सर्वांत हट्टी निघाला. तो पुरा झाला तेव्हाच मार्ग अखंड झाला आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे सलग धावू लागली. करबुडेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी लांबीच्या या बोगद्याने सबंध प्रकल्पाची मुदत लांबविली, यावरून बोगद्याची कठीणता त्याच्या लांबीवर मोजू नये हा बोध घ्यावा. या सबंध बांधकामात 74 जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकात श्रमशक्ती स्मारक उभारलेले आहे.

येथपर्यंतचा इतिहास बहुतेक पुस्तकांत सापडतो. पुढचा सहसा कोणी लिहीत नाही. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. डोंगर पोखरला म्हणजे त्यातील पाण्याच्या जुन्या वाटा तुटतात आणि बोगद्याच्या रूपाने त्याला एक नवी, सोपी वाट मिळते. म्हणून बोगद्याला पाणी तोंडाकडे वाहून जाईल असा उतार देतात, रुळांच्या बाजूने गटारे काढतात आणि अस्तरात पाण्याला सुटका देणारी छिद्रे ठेवतात. ही गटारे गाळाने भरली की पाणी रुळांखालच्या खडीत शिरते. छिद्रे बुजली की ते अस्तरामागे साचून त्याच्यावर दाब आणते. पावसाळ्यापूर्वी कोकणातले घर शाकारून घेतात, आणि गेल्या वर्षी शाकारले होते म्हणून कोणी यंदा स्वस्थ बसत नाही. बोगद्याचा व्यवहारही तसाच आहे.

हे व्यवधान सुटले अथवा अपुरे पडले तर काय होते, याचे दाखले या मार्गावरच आहेत. 2003 च्या जून महिन्यात वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी कोसळलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला निघालेली गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी प्राणास मुकले. बोगद्याचा सर्वांत दुर्बळ भाग त्याच्या पोटात नसून त्याच्या तोंडाशी असतो, कारण तेथेच डोंगर नुकताच कापलेला, उघडा आणि पावसाच्या थेट माऱ्यात सापडलेला असतो. त्यानंतर कापलेल्या उतारांची धार कमी करणे, त्यांच्यावर पोलादी जाळ्या पसरणे आणि दगड अडविणारी कुंपणे उभारणे यांवर मोठा भर देण्यात आला. तरीही 26 जून 2021 च्या पहाटे खुद्द करबुडे बोगद्यात रुळावर पडलेल्या दगडाला धडकून दिल्लीहून मडगावला येणाऱ्या राजधानी गाडीचे इंजिन घसरले; सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पेडण्याच्या बोगद्यात 2020 च्या ऑगस्टमध्ये भिंत ढासळून वाहतूक अनेक आठवडे मिरज-लोंढामार्गे वळवावी लागली, आणि 2024 च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी व चिखल वर येऊन गाड्या पुन्हा थांबल्या. बांधणाऱ्यांना ज्या मातीने छळले, तिनेच पाव शतकानंतर राखणाऱ्यांना छळावे, यात नवल काहीच नाही.

या अनुभवांतून पावसाळ्याचा जो बंदोबस्त सिद्ध झाला, तो पाहण्यासारखा आहे. जूनपासून पुढे गाड्यांचे निराळे वेळापत्रक अंमलात येते आणि वेग उतरविले जातात. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर चालकाने ताशी 40 किलोमीटरांहून अधिक वेग ठेवू नये, असा हुकूम असतो. धोक्याच्या ठिकाणी गस्तीवाले रात्रंदिवस रूळ पायी तपासतात. रत्नागिरी, चिपळूण, विलवडे यांसारख्या स्थानकांवर स्वयंनोंद पर्जन्यमापके बसविलेली आहेत, पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो, आणि वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याची पातळी वाढल्याची सूचना देणारी यंत्रणा आहे. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा वाशिष्ठीवरून जाणाऱ्या गाड्या वेळीच रोखण्यात आल्या. उशीर झाला म्हणून फलाटावर त्रागा करणाऱ्या प्रवाशाने हा उशीर कशाच्या मोबदल्यात मिळतो, याचाही क्षणभर विचार करावा.

देखभालीच्या पुढची पायरी नूतनीकरणाची. 2022 मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि डिझेल इंजिनांच्या धुराचा प्रश्न, ज्यासाठी करबुडेसारख्या दीर्घ बोगद्यांत यांत्रिक वायुवीजनाची तरतूद करावी लागली होती, तो पुष्कळसा हलका झाला. मात्र विजेच्या तारा आल्या आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा एक नवा उपद्रव पुढे आला. पूर्वी जे पाणी गटारात पडले की विषय संपत असे, ते आता उच्च दाबाच्या तारेवर पडता कामा नये. प्रत्येक सुधारणा जुन्या पाण्याशी नवा तंटा घेऊन येते. टेम्सखालच्या बोगद्यातही पाणी झिरपण्याचे थांबले नाही. दुरुस्तीसाठी तो 1995 मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा ब्रुनेलच्या विटांवर काँक्रीटचा थर चढवावा की त्या ऐतिहासिक वास्तू म्हणून उघड्या ठेवाव्यात यावर मोठा वाद झाला, आणि एक लहानसा भाग मूळ रूपात राखून 1998 मध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीखालचे रेल्वेचे चार बोगदे 1910 पासून वापरात आहेत. 2012 च्या ऑक्टोबरातील वादळात त्यांपैकी दोहोंत खारे पाणी भरले. पाणी उपसून गाड्या पुन्हा सुरू झाल्या, परंतु मागे राहिलेला क्षार काँक्रीट आणि केबली कुरतडीत राहिला, आणि त्यांच्या सर्वांगीण नूतनीकरणाचे काम 2025 मध्ये सुरू झाले. भरतीचे पाणी मिठी नदीतही येते, तेव्हा न्यूयॉर्कचा हा धडा मुंबईने परका मानू नये.

या सर्व वृत्तांतातून निष्पन्न होणारा सिद्धान्त साधा आहे. पूल जुना झाला तर शेजारी दुसरा उभारता येतो; रस्ता खचला तर तात्पुरता वळसा काढता येतो; बोगद्याला मात्र पर्याय बहुधा नसतो, आणि त्याची दुरुस्ती करावयाची ती त्याच्यातून वाहतूक चालू ठेवून, मध्यरात्रीच्या मोजक्या तासांतच करावी लागते. असे असता आपल्याकडे बोगद्याचे बांधकाम हा समारंभाचा विषय आणि त्याची देखभाल हा काटकसरीचा विषय समजण्याचा प्रघात पडला आहे. बांधणाऱ्यांची नावे शिलालेखांवर येतात. गटारे साफ करणाऱ्यांची, छताला हातोडीने ठोकून आवाजावरून पोकळी ओळखणाऱ्यांची आणि भर पावसात रुळांवरून चालणाऱ्यांची नोंद हजेरीपटापलीकडे कोठे होत नाही. मिठी आणि मुठा यांच्याखालचे बोगदे आज नवे आहेत, त्यांचे अस्तर कोरडे आहे, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी ही गोष्ट आताच बोलण्याजोगी आहे. बोगद्याच्या बांधकामाचे खाते ज्या दिवशी उघडले जाते, त्याच दिवशी त्याच्या देखभालीचेही खाते उघडावे, त्यात दरवर्षी ठरलेली रक्कम बिनतक्रार जमा व्हावी आणि ती अन्य कोणत्याही कामाकडे वळविता येऊ नये, असा निर्बंध सरकारने घालावा. कोकणच्या पावसाने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला आहे. तो शहरांना पुन्हा त्याच किमतीत घ्यावा लागू नये.